डॉक्टर पर्सी ज्युलियन, रसायनशास्त्री

सन १८५८ मध्ये अमेरिकेच्या सरकारच्या मुख्य कायदेपंडिताने एक निर्णय दिला. एखाद्या गुलामाने आपल्या बुद्धीने नवे यंत्र शोधून काढिले, तर त्याचे पेटंट कोणास द्यावे, असा प्रश्न पुढे आला होता. पेटंट म्हणजे काय, हे आमच्या काही वाचकांस ठाऊक नसेल. जो मनुष्य नवी वस्तू किंवा वस्तू बनविण्याची नवी रीत शोधून काढतो, त्याने ती रीत सरकारास सविस्तर लिहून द्यावी आणि सर्वांस वाचावयास खुली करावी; त्याच्या मोबदल्यात ठराविक वर्षांपर्यंत त्या शोधाचा उपयोग करण्याचा हक्क सरकार त्यास एकट्यास देते. यास पेटंट म्हणतात. तर त्या प्रश्नाचे उत्तर असे मिळाले की, गुलामाने केलेल्या शोधाचे पेटंट गुलामास मिळणार नाही, आणि त्याच्या धन्यासही मिळणार नाही. गुलाम हा त्या काळी देशाचा नागरिक मानला जात नसे, आणि धनी हा काही शोधक नव्हे. म्हणजे शोध डोळ्यांपुढे उभा, पण तो लावणारा मनुष्य मात्र कायद्याच्या दृष्टीस दिसेना.

या निर्णयानंतर सुमारे चाळीस वर्षांनी, गुलामीतून सुटलेल्या एका घराण्यात एक मुलगा जन्मास आला. त्याचे नाव पुढे १३० हून अधिक पेटंटांवर लागले. त्याचेच चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

पर्सी लाव्हॉन ज्युलियन याचा जन्म ११ एप्रिल १८९९ रोजी अलाबामा संस्थानातील मॉन्टगोमेरी या शहरी झाला. बाप आगगाडीतील टपालखात्यात कारकून होता, आई शाळेत शिकवीत असे. सहा भावंडांत पर्सी थोरला. आजा गुलामीत वाढलेला. गुलामाने लिहावयास शिकणे हा त्या प्रांतात अपराध समजत, आणि त्या अपराधाबद्दल आजाच्या हाताची दोन बोटे तोडण्यात आली होती. सन १९१६ मध्ये पर्सी कॉलेजास जावयास निघाला, तेव्हा घरची सर्व मंडळी स्टेशनावर आली होती. गाडी हलल्यावर आजाने जो हात वर करून निरोप दिला तो तोच, दोन बोटे नसलेला हात. पर्सी ज्युलियन हे दृश्य जन्मभर विसरले नाहीत, व पुढे मोठेपणी अनेकांस ते सांगत असत.

मॉन्टगोमेरीत काळ्या मुलांसाठी सरकारी हायस्कूल नव्हते. आठव्या इयत्तेपर्यंत शिकल्यावर त्यांची वाट खुंटे. पर्सी शिक्षक तयार करणाऱ्या एका शाळेत थोडेफार शिकला आणि तेवढ्या तयारीवर इंडियाना संस्थानातील ग्रीनकॅसल येथील डीपॉ विद्यापीठात दाखल झाला. हे विद्यापीठ मेथडिस्ट मंडळीने १८३७ साली स्थापिलेले होते. येथे प्रवेश मिळाला खरा, परंतु गोऱ्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात त्यास जागा नव्हती. गावातील एका घरी बिऱ्हाड मिळाले, तर तेथे जेवण देण्याचे त्यांनी नाकारले. आपल्या पंक्तीस बसवून घेणारे ठिकाण मिळेपर्यंत कित्येक दिवस गेले. ख्रिस्ती मंडळीने उभारलेल्या विद्यापीठाच्या गावी एक ख्रिस्ती घरचा मुलगा असा उपाशी हिंडला, हे लिहिताना आम्हांस संकोच वाटतो. पण ते झाले आहे, म्हणून लिहिले पाहिजे. पाणवठ्यावर व पंक्तीत दूर बसविले जाणे म्हणजे काय, हे आमच्या पुष्कळ वाचकांस आम्ही निराळे समजावून सांगावयास नको.

पुढे त्याने विद्यार्थ्यांच्या एका मंडळाच्या घरात भट्टीत कोळसा घालणे, वाढणे असली कामे पत्करली, आणि त्याबद्दल त्या घराच्या माळ्यावर त्यास निजावयास जागा मिळाली. दिवसा कॉलेजाचा अभ्यास, सायंकाळी हायस्कुलाचा राहिलेला अभ्यास, असा त्याचा क्रम होता. सन १९२० मध्ये तो आपल्या वर्गात पहिला आला. थोरल्याचे हे यश पाहून आईबापांनी मॉन्टगोमेरीचे घर मोडले आणि धाकट्या मुलांच्या शिक्षणासाठी ते ग्रीनकॅसलला येऊन राहिले. सहाही भावंडे त्याच विद्यापीठात शिकली. दोघे भाऊ डॉक्टर झाले, तिघी बहिणींनी एम. ए. च्या तोडीची पदवी मिळविली. टपालखात्यातील एका कारकुनाने हे केले. आम्हांस तर वाटते की, या चरित्रातील निम्मे थोरपण त्या आईबापांचे आहे.

पहिल्या आलेल्या गोऱ्या विद्यार्थ्यास मोठ्या विद्यापीठांकडून पुढील अभ्यासासाठी बोलावणी येत. पर्सीची तशी वेळ आली तेव्हा निरनिराळ्या ठिकाणांहून त्याच्या प्राध्यापकांस उत्तरे आली की, असा विद्यार्थी पाठवू नये. शिकून त्यास नोकरी मिळणार नाही, मग त्याचे आयुष्य का नासावे. असो. दोन वर्षे त्याने नॅशव्हिल येथील फिस्क विद्यापीठात शिकविले. नंतर शिष्यवृत्ती मिळून तो हार्वर्ड विद्यापीठात गेला व १९२३ साली त्याने तेथील एम. ए. ची पदवी घेतली. तेथे पुढे शिकावयाचे तर खालच्या वर्गांस शिकवून खर्च भागवावा लागे. परंतु गोरे विद्यार्थी काळ्या शिक्षकापुढे बसावयाचे नाहीत, या भयाने त्यास ते काम दिले नाही. डॉक्टरची पदवी राहून गेली.

ती मिळाली सहा हजार किलोमीटरांहून दूर, ऑस्ट्रिया देशाच्या व्हिएन्ना शहरी. सन १९२९ मध्ये एका शिष्यवृत्तीवर तो तेथे गेला आणि प्रोफेसर एर्न्स्ट श्पेट यांच्या हाताखाली वनस्पतींतील औषधी द्रव्यांचा अभ्यास करून १९३१ साली डॉक्टर झाला. तेथे लोकांनी त्यास आपल्या घरी बोलाविले, आपल्याबरोबर जेवावयास व गाणे ऐकावयास नेले. वयाच्या तिसाव्या वर्षी प्रथमच त्याच्या कातडीचा रंग कोणाच्या आड आला नाही. जर्मन भाषा तो उत्तम बोलू लागला, आणि त्या भाषेचा पुढे कसा उपयोग झाला ते आम्ही सांगणारच आहोत. येथपर्यंत आम्ही पर्सी म्हणून लिहिले. आता डॉक्टर ज्युलियन म्हणू.

परत आल्यावर वॉशिंग्टन येथील हॉवर्ड विद्यापीठात, म्हणजे काळ्या लोकांच्याच विद्यापीठात, त्यांस मोठी जागा मिळाली, परंतु ती टिकली नाही. तेथील वैरांत ते गुंतले. त्यांची खाजगी पत्रे वर्तमानपत्रात छापली गेली, एका सहकाऱ्याच्या घरगुती तक्रारीत त्यांचे नाव आले, आणि १९३२ साली त्यांस राजीनामा द्यावा लागला. सर्व दोष विरोधकांचाच होता असे आम्ही म्हणणार नाही. पत्रांतील भाषा उद्धट होती, आणि डॉक्टर ज्युलियन यांचा स्वभाव जन्मभर तापटच राहिला. ज्या बाईंवरून ती तक्रार उठली त्या ॲना जॉन्सन यांच्याशी १९३५ साली त्यांचा विवाह झाला. या बाईही मोठ्या विदुषी होत्या. समाजशास्त्रात त्यांनी १९३७ साली डॉक्टरची पदवी मिळविली.

नोकरी गेलेल्या या मनुष्यास डीपॉ विद्यापीठाने प्रयोगशाळेत जागा दिली. व्हिएन्नाहून बरोबर आलेले त्यांचे मित्र योसेफ पिकल हेही तेथे आले, आणि दोघांनी फायसोस्टिग्मीन या द्रव्याचा प्रश्न हाती घेतला.

पश्चिम आफ्रिकेत कालाबार नावाचा प्रदेश आहे. तेथे एका वेलीस मोठ्या तपकिरी बिया येतात. त्या विषारी असतात, आणि ज्याच्यावर अपराधाचा संशय येई त्यास पूर्वी तेथील लोक ते बी गिळावयास लावीत. वाचला तर निर्दोष, मेला तर अपराधी. स्कॉटलंडच्या मिशनऱ्यांनी या बिया एडिंबरो येथे पाठविल्या आणि प्रोफेसर क्रिस्टिसन यांनी १८५५ मध्ये स्वतः थोडेसे बी खाऊन त्याचे परिणाम लिहून ठेविले. पुढे याच विषाचा काचबिंदूवर गुण येतो असे आढळले. डोळ्यातील वाढलेला दाब त्याने उतरतो. परंतु बियांत ते फार थोडे मिळे. तेव्हा ते प्रयोगशाळेत साध्या द्रव्यांपासून आरंभापासून बनविता येईल काय, हा प्रश्न होता.

त्याच प्रश्नावर ऑक्सफर्ड येथे प्रोफेसर रॉबर्ट रॉबिन्सन काम करीत होते. त्या काळच्या रसायनशास्त्र्यांत त्यांच्याहून मोठे नाव क्वचितच असेल. त्यांस पुढे १९४७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. फायसोस्टिग्मीनच्या अलीकडच्या पायरीचे द्रव्य आपण तयार केले असे त्यांनी प्रसिद्ध केले होते. डॉक्टर ज्युलियन यांनी तेच द्रव्य तयार केले, तर त्याचे गुण ऑक्सफर्डच्या द्रव्याशी जुळेनात. दोघांपैकी एकाचे चुकले होते. नोकरी नसलेला, बदनाम झालेला एक काळा मनुष्य लहानशा गावातून ऑक्सफर्डच्या प्रोफेसरास चुकले म्हणतो, आणि तेही छापून! जर त्याचेच चुकले असते, तर पुन्हा कोणी त्यास प्रयोगशाळेच्या दाराशी उभे केले नसते. शुद्ध द्रव्य नेमके किती उष्णतेवर वितळते यावरून त्याची ओळख पटते. बियांतून काढलेले आणि हाताने बनविलेले, अशी दोन्ही द्रव्ये त्यांनी वितळवून पाहिली, आणि ती जुळली. सन १९३५ मध्ये त्यांनी फायसोस्टिग्मीन आरंभापासून शेवटपर्यंत बनविल्याचे जाहीर केले, आणि ऑक्सफर्डची वाट चुकीची ठरली.

एवढे झाल्यावर डीपॉ येथे त्यांस प्राध्यापक नेमावे, अशी शिफारस झाली. विश्वस्तांनी ती नाकारली. नंतर विस्कॉन्सिन संस्थानातील ॲपलटन गावी कागदाच्या रसायनाची एक संस्था होती, ती त्यांस घेण्यास राजी होती. परंतु काळ्या मनुष्यास रात्रीचा मुक्काम करू देऊ नये असा त्या गावचा नियम आडवा आला. मात्र त्या संस्थेच्या कमिटीवर ग्लिडन नावाच्या रंगाच्या कंपनीचे एक अधिकारी होते. त्यांनी ही हकीकत ऐकली आणि आपल्या कंपनीच्या शिकागो येथील सोयाबीनच्या कारखान्यात संशोधनाचे मुख्य म्हणून डॉक्टर ज्युलियन यांस १९३६ मध्ये बोलावून घेतले.

सोयाबीन आता मराठवाड्यात व विदर्भात शेतोशेती दिसते, म्हणून पुढचे वर्णन आमच्या वाचकांस परके वाटणार नाही. ग्लिडन कंपनीने जर्मनीहून एक नवा कारखाना विकत घेतला होता. त्यात सोयाबीन घाण्यात पिळीत नसत, तर तेल विरघळविणारा द्रव एका दिशेने व बियांचा चुरा उलट दिशेने अखंड चालवून तेल धुऊन काढीत. हा कारखाना जोडून उभा करण्याचे काम डॉक्टर ज्युलियन यांनी केले; जर्मन भाषा कामास आली ती येथे. तेल निघाल्यावर जी पेंड उरते तिच्यातील प्रथिन निराळे काढण्यासाठी त्यांनी दुसरा कारखाना स्वतः आखला व बांधविला. उद्योगधंद्यास लागणारे सोयाबीनचे शुद्ध प्रथिन बनविणारा असा कारखाना जगात त्यापूर्वी नव्हता. कागदास झिलई देण्यासाठी, लाकडाचे पातळ थर चिकटवून फळ्या करण्यासाठी, पाण्यात कालविण्याच्या रंगांसाठी त्या काळी दुधातील केसीन वापरीत, आणि ते महाग पडे. त्याच्या जागी हे पेंडीचे प्रथिन चालू लागले. दुसऱ्या महायुद्धात याच प्रथिनापासून दुसऱ्या एका कंपनीने आग विझविणारा फेस बनविला. तेलाच्या व पेट्रोलच्या आगीवर पाणी टाकून भागत नाही. हा फेस आगीवर चादरीसारखा पसरे. अमेरिकेच्या लढाऊ जहाजांवर त्याने पुष्कळ खलाशी वाचले. हा फेस डॉक्टर ज्युलियन यांनीच शोधला असे कित्येक ठिकाणी छापलेले आढळते, ते बरोबर नाही. प्रथिन त्यांचे, फेस दुसऱ्यांचा.

ही सर्व पेटंटे त्यांच्या नावावर लागली, पण मालकी कंपनीकडे गेली. नोकराचा शोध कंपनीचा, अशी तेथील कराराची रीत होती व आजही आहे. १८५८ सालच्या गुलामाहून फरक इतकाच, परंतु तो लहान नव्हे, की शोधक म्हणून नाव मनुष्याचेच लागे.

आता औषधाची हकीकत. कालाबारच्या बियांच्या तेलात त्यांस पूर्वी पांढरे स्फटिक मिळाले होते, ते स्टिग्मास्टेरॉल नावाचे द्रव्य होते. हेच द्रव्य सोयाबीनच्या तेलातही थोडे असते. आणि जर्मनीतील रसायनशास्त्र्यांनी १९३४ मध्ये दाखविले होते की, स्टिग्मास्टेरॉलपासून प्रोजेस्टेरोन बनविता येते. प्रोजेस्टेरोन हा स्त्रीच्या शरीरातील एक स्राव आहे. गर्भ टिकून राहण्यास तो लागतो. पूर्वी तो जनावरांपासूनच काढीत. जर्मनीत शुद्ध प्रोजेस्टेरोन प्रथम काढले तेव्हा ५०,००० डुकरिणींचे अंडाशय खर्ची पडले आणि हाती आले २० मिलिग्रॅम, म्हणजे चिमटीतही न सापडण्याजोगे. असे औषध गरिबाच्या घरी कसे पोचावे?

सन १९४० मध्ये एके दिवशी कारखान्यातून निरोप आला की, शुद्ध केलेल्या तेलाच्या प्रचंड टाकीत पाणी शिरले असून तेलात पांढरा गाळ जमला आहे. तेल फुकट गेले. डॉक्टर ज्युलियन यांनी तो गाळ पाहिला आणि ओळखला. जे स्टिग्मास्टेरॉल तेलातून थोड्या खर्चात कसे काढावे हे समजत नव्हते, ते पाण्याने आपोआप खाली बसविले होते. टाकीत पाणी शिरणे हा अपघात होय, पण कालाबारच्या बियांवर तो मनुष्य पूर्वी बसला नसता तर तो गाळ गटारात गेला असता. लवकरच कारखान्यातून दररोज सुमारे १०० पौंड अशी द्रव्ये निघू लागली. प्रोजेस्टेरोनचा पहिला एक पौंड अपजॉन कंपनीस विकला गेला, तेव्हा त्याची किंमत ६३,५०० डॉलर होती व तो चिलखती मोटारीतून पाठविला गेला.

सन १९४९ मध्ये मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी जाहीर केले की, कॉर्टिसोन नावाच्या औषधाने आमवाताने अंथरुणास खिळलेले रोगी उठून चालू लागतात. परंतु ते गुरांच्या पित्तापासून तीसहून अधिक पायऱ्यांनी बनवावे लागे व ग्रॅमला शेकडो डॉलर पडत. डॉक्टर ज्युलियन यांनी त्याच वर्षी सोयाबीनच्या द्रव्यापासून एस नावाचा पदार्थ स्वस्तात बनविण्याची रीत काढली. कॉर्टिसोनच्या कुळातील हायड्रोकॉर्टिसोन व हा पदार्थ यांत प्राणवायूच्या एकाच अणूचा फरक आहे. तो अणू योग्य जागी बसविण्याचे काम पुढे इतरांनी सूक्ष्म बुरशीकडून करून घेतले, आणि काही कारखान्यांत एस पदार्थापासून हायड्रोकॉर्टिसोन निघू लागले. ज्युलियन यांनी सोयाबीनपासून कॉर्टिसोन काढिले असे जे सांगतात, ते त्यांस त्यांच्या वाट्याहून अधिक देतात. जे खरोखर त्यांचे आहे तेच पुरेसे आहे. मेक्सिकोतील रानकंदापासून रसेल मार्कर यांनी काढलेली रीतही त्यांच्याहून स्वस्त ठरत चालली होती, हेही सांगितले पाहिजे.

सन १९५० मध्ये शिकागोच्या एका वर्तमानपत्राने त्यांस त्या वर्षाचे श्रेष्ठ नागरिक म्हणून गौरविले. त्याच वर्षी त्यांनी शेजारच्या ओक पार्क या गोऱ्या लोकांच्या वस्तीत घर घेतले. नोव्हेंबर महिन्यात, उपकारस्मरणाच्या सणाच्या सुमारास, कुटुंब राहावयास येण्यापूर्वीच कोणी घरास आग लावण्याचा प्रयत्न केला. तरी ते तेथे राहावयास गेले. जून १९५१ मध्ये धावत्या मोटारीतून सुरुंगाची कांडी फेकली गेली. ती मुलांच्या निजण्याच्या खोलीच्या खिडकीखाली फुटली. दोन्ही मुले बचावली. त्यानंतर कित्येक रात्री हा डॉक्टर बंदूक घेऊन अंगणातील झाडावर पहारा करीत बसे, आणि दहा अकरा वर्षांचा मुलगा बापाशेजारी बसे. बंदूक घेणे योग्य की अयोग्य, हा वाद आम्ही येथे घालीत नाही. येथे हेही लिहिले पाहिजे की, त्याच वस्तीतील पुष्कळ गोरे शेजारी त्यांच्या बाजूने उभे राहिले. घर सोडून ते गेले नाहीत.

ग्लिडन कंपनीने औषधांचा धंदा सोडला तेव्हा, १९५३ साली, त्यांनी शिकागोजवळ फ्रँकलिन पार्क येथे स्वतःची ज्युलियन लॅबोरेटरीज ही कंपनी काढली. ज्या काळ्या तरुणांस व ज्या स्त्रियांस रसायनशास्त्र शिकूनही कोठे जागा मिळत नसे, अशा अनेकांस तेथे काम मिळाले. एकदा त्यांच्या माणसांनी एका औषधी द्रव्याचे उत्पन्न चौपट करण्याची रीत शोधून काढिली. कंपनीस त्या द्रव्यात तोवर जेमतेम खर्च सुटत होता, म्हणून आता नफा खाता आला असता. परंतु डॉक्टर ज्युलियन यांनी किलोची किंमत ४,००० डॉलरांवरून ४०० वर आणली. सन १९६१ मध्ये त्यांनी ही कंपनी सुमारे २३ लाख डॉलरांस विकली.

सन १९७३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने त्यांस सभासद करून घेतले. त्यांस ७४ वे वर्ष लागून गेले होते. १९ एप्रिल १९७५ रोजी यकृताच्या कर्करोगाने त्यांचा अंत झाला. ज्या डीपॉ विद्यापीठाने त्यांस प्राध्यापकाची जागा दिली नव्हती, त्याने १९८० मध्ये आपल्या विज्ञानाच्या इमारतीस त्यांचे नाव दिले. ओक पार्क येथील एका शाळेसही १९८५ पासून त्यांचे नाव आहे. सन १९९० मध्ये राष्ट्राच्या शोधकांच्या यादीत त्यांची नोंद झाली. आणि १९९३ मध्ये अमेरिकेच्या टपालखात्याने, ज्या खात्यात त्यांचे वडील आगगाडीत बसून पत्रे निवडीत असत, त्यांच्या चित्राचे २९ सेंटांचे तिकीट काढिले.